फुंकायला न आलेल्या बायकांच्या डॉक्टर

डॉ. सुलोचनाआक्कांना मी प्रथम पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत. तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद दरवर्षी मोजायची आणि धुळीने ती घटते का ते पाहायचं, असा आमच्या संस्थेचा अभ्यास होता. मी आकडेमोडीला, आक्का डॉक्टर. बायका यंत्राच्या नळीत फुंकत, ठसकत. आक्का त्यांची पाठ चोळत.

पुढे एका वर्षी वखारीची सरासरी चक्क सुधारली! आमचे प्रमुख हरखले. धूळ निरुपद्रवी असल्याचा अहवाल त्यांनी लिहायलाही घेतला. तो निघता तर वखारमालकांना रान मोकळं झालं असतं. आक्कांनी मात्र मुकादमाला विचारलं, "गेल्या साली फुंकलेल्या तान्हूबाई कुठं हाईत?"

"ती न्हाय येत आता. दम लई लागतोय. तिच्या जागी तरणी पोरगी घेतलीया."

मला आजही संताप येतो तो याचा. बाई दम्याने घरी बसली, की आमच्या हिशेबातूनही बाद! उरलेल्या धडधाकट बायकांची सरासरी काढून शिकलेली माणसं खूश होत होती. "जिची तिच्याशीच तुलना करा. गेल्या वर्षीची तान्हूबाई आणि यंदाची तान्हूबाई!" आक्का कडाडल्या. कामावर नसलेल्यांशी आपला संबंध नाही, असं प्रमुखांकडून उत्तर मिळालं. आक्कांनी अहवालावर सही नाकारली, यंत्र उचललं आणि तान्हूबाईंच्या गावची, सदलग्याची एसटी धरली. मी मागोमाग.

तान्हूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी फुंकलं, पण काटा जेमतेम हलला. ओशाळून म्हणाल्या, "कमी फुंकलं म्हणून तुमचं काम बिघडलं काय वो आक्का?"

"न्हाय गं. तुझ्याबिगर ते खोटं व्हतं," म्हणत आक्कांनी त्यांचा हात धरला. त्यांना बेळगावच्या दवाखान्यातही आक्कांनीच नेलं.

घरी बसलेल्या अशा साऱ्या बायकांना आक्कांनी दारोदार जाऊन गाठलं. धूळ घातकच आहे, असा अहवाल नव्याने लिहावा लागला. शिक्षा मात्र आक्कांना झाली, लोंढ्याला बदली. 'आक्का माझ्या तालमीत घडल्या', असं आक्कांच्या साठीनिमित्तच्या याच गौरवग्रंथासाठी लिहून देणारे गृहस्थ म्हणजे आमचे तेच प्रमुख. संपादकांनी हे खुशाल छापावं.

आक्का, आज तुमची साठी. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा, आणि अशाच कडाडत राहा. तान्हूबाईंना त्या धुळीने पन्नाशीही पाहू दिली नाही. याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.