बाळ कुणावर गेलंय?

माझ्या धंद्यात एक प्रश्न ठरलेला असतो. बाळाला मऊ कापडात गुंडाळून बीनबॅगवर ठेवलं, हीटर लावला, खोली गरम झाली, बाळ झोपलं, की भोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी हळूच विचारतं, "तुम्हाला काय वाटतं हो, कुणावर गेलंय?" मी इतकी बाळं बघते म्हणजे मला हे कळतच असणार, अशी लोकांची समजूत. मी सावधपणे म्हणते, "कपाळ बाबांचं वाटतंय." आईकडच्यांचे चेहरे पडले, की लगेच, "पण ओठ मात्र आईचे हं." दोन्ही पक्ष खूश, आणि मी माझ्या कामाला मोकळी.

खरं सांगायचं तर दहा-बारा दिवसांचं बाळ कुणासारखंच दिसत नाही. ती सगळी एकमेकांसारखी दिसतात, थोडी सुजलेली आणि बरीचशी चिडलेली. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. पोटावर पाय कशाला आणायचा?

नव्या बाळाचे फोटो पहिल्या दोन आठवड्यांत काढायचे असतात. तेव्हाच ती पोटातल्यासारखी अंग मुडपून झोपतात. नंतर हातपाय ताणायला लागली, की माझी टोपली आणि माझे पिसांचे पंख, सगळं फुकट. पण आमच्या पनवेलात सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. म्हणून स्टुडिओ भाड्याने घेऊनही मी बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या घरी असते. स्कूटरवर पुढे बीनबॅग, मागे हीटर, पाठीवर कॅमेरा. तळोज्याच्या नव्या टॉवरांपासून उरण रस्त्यावरच्या गावांपर्यंत मी असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरले आहे. मला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी स्कूटर बंद केली. मग शनिवार-रविवारी नवरा गाडीने सोडायला लागला आणि दाराबाहेर गाडीत बसून क्रिकेट बघायला लागला.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी आईकडे आठ महिन्यांची असताना आले. मला दत्तक घेतलंय. आईबाबांनी हे कधी लपवलं नाही. मला आठवतं तेव्हापासून मला ते माहीत आहे, जसं आपल्याला आपलं आडनाव माहीत असतं. बाबा मी कॉलेजात असताना गेले. आई जुन्या पनवेलात साड्यांना फॉल-पिको करून देते. माझ्या कामाची टोपडी, झबली, कापडं, सगळं तीच शिवते.

माझा सगळ्यात जुना फोटो मी आले त्या आठवड्यातला आहे, बाजारपेठेतल्या एका फोटोवाल्याने काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा, पुढे टेबलावर मी बसलेली, तोंड उघडं, खाली दोन दात. कपाळावर केसांचा भोवरा, त्यातून एक झुपका सरळ वर उभा. फोटोच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसतो. मी पडू नये म्हणून आईने मागून फ्रॉक घट्ट धरला होता. त्या हाताच्या आधीचं माझं काहीच नाही. इतरांची दहा दिवसांची बाळं टोपलीत मांडणाऱ्या बाईला, ती स्वतः दहा दिवसांची असताना कशी दिसत होती, हे ठाऊक नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. खरंच नाही. कपाळावरच्या झुपक्याने मात्र आईला फार छळलं. तेल लावलं, पिना लावल्या, ओला करून दाबून बसवला. शाळेच्या प्रत्येक फोटोत तो उभाच.

पोटात बाळ वाढायला लागलं आणि सगळं बदललं. पहिल्यांदाच दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला शुगर?"

मी म्हटलं, "आईला आहे ना. चांगली दहा वर्षं."

त्या गंभीर झाल्या. चाचणी लिहून दिली, गोड जपून खायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी तोंड पाडून नवऱ्याला म्हणाले, "आईकडून आलं बघ हे." नवरा गाडीला किल्ली लावत होता तो थांबला. म्हणाला, "अगं, पण तुझ्याकडे आईकडून कसं येईल?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग आम्ही दोघं त्या गाडीत इतके हसलो, की बाजूने जाणारा रिक्षावाला वाकून बघून गेला. दुसऱ्या दिवशी फोन करून मी बाईंना खरं सांगितलं. चाचणी तरीही करावी लागली आणि ती चांगली आली. पण हा किस्सा मी आईला सांगितला नाही. एरवी तिला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काही राहत नाही. हे मात्र राहिलं.

आणि मग सातव्या महिन्यात ती म्हातारी भेटली.

उरण रस्त्यावरच्या एका गावात आगरी कुटुंबाकडे नातवाचे फोटो होते. तीन मजली नवं घर, खाली पार्किंगमध्ये सुकायला टाकलेली मासळी. आजी लुगड्यात, बाळाच्या उशाशी ठाण मांडून बसलेली. मी कॅमेरा लावत होते तोवर तिने निकाल देऊनही टाकला होता. "नाक बग त्याचा. आमच्या म्हाताऱ्याचा नाक हाय ह्यो. म्हातारा गेला, पन नाक ठेवून गेला."

घरातले सगळे हसले. मी पण हसले आणि बाळाचा हात गालाखाली सरकवला. आजीचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं.

"तुला कितवा, बाय?"

"सातवा."

"मंग तुझा पोर कोनावर जाईल? तू आईवर गेलीस का बापावर?"

या प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं. आई गोरी, उंच. बाबा सावळे होते. म्हणून मी लहानपणापासून सगळ्यांना 'बाबांवर' असं ठोकून देते. त्या दिवशी मात्र ते तोंडातून निघेना. मी म्हणाले, "माहीत नाही हो आजी."

तिला त्यात काही नवल वाटलं नाही. बाळाच्या अंगावरची माशी हाकलत ती म्हणाली, "नाय म्हाईत तं नाय. पोर येऊ दे. त्याच्या तोंडावर दिसंल तुला."

परत येताना नवरा मॅचबद्दल काहीतरी सांगत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही. खरंच की! माझ्या रक्ताचं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि आता एक येऊ घातलं होतं. त्याला माझे डोळे असतील? माझ्या पायाची, अंगठ्यापेक्षा लांब दुसरी बोटं? तो उद्धट झुपका? मला एकदम इतकी घाई झाली, की उरलेले दोन महिने कसे काढावेत कळेना.

मी येड्यासारखी वागायला लागले. आरशासमोर उभी राहून स्वतःचं तोंड तपासायचे, गिऱ्हाइकाचा चेहरा असल्यासारखं. बाजूने, खालून, हनुवटी वर करून. नाक जरा बसकं. भुवया एकमेकींपासून लांब. सोनोग्राफीच्या वेळी मी पडद्याकडे मान वळवून वळवून पाहिलं, पण तो फोटो काढणाऱ्याला उजेडाचं काही कळत नव्हतं आणि आमच्या बाळाने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. दुसऱ्यांच्या घरी आता नाकाडोळ्यांचा वाद सुरू झाला, की मी कॅमेरा खाली ठेवून ऐकत बसायचे. पूर्वी मला त्याचा कंटाळा यायचा. आता वाटायचं, काय मजा आहे या लोकांची! बाळ आलं, की प्रत्येकाला आपला एक तुकडा सापडतो, आणि त्यावरून भांडायलाही मिळतं.

माझ्या सासरी तर तुकडा आधीच ठरला होता. सासूबाई पेणच्या, बोलण्यात पक्क्या. "आमच्याकडे सगळ्यांचे कान बाहेर आलेले असतात," त्या अभिमानाने सांगायच्या. "मुलगा असो, मुलगी असो, कान आमचेच."

आईसमोर मात्र मी चकार शब्द काढला नाही. मला भीती वाटत होती. मी माझ्यासारखा चेहरा शोधतेय म्हणजे दुसरं कुणीतरी शोधतेय, असं तिला वाटलं तर? इतकी वर्षं फ्रॉक मागून धरून बसली ती, आणि आता हे? आणि आईसुद्धा बाळ कुणावर जाईल हे एकदाही बोलली नाही. डोहाळजेवणाला बायकांनी तोच विषय काढला तर ती उठून भजी तळायला गेली. मी मनात म्हटलं, तिला दुखतंय. गप्प बसलेलं बरं.

बाळंतपणाला मी रिवाजाप्रमाणे माहेरीच होते. मुलगी झाली. भल्या सकाळी, नवरा घरून डबा घेऊन दवाखान्यात यायच्या आत. नर्सने गुंडाळून माझ्या शेजारी ठेवली आणि माझ्या धंद्याची लाज गेली. इतकी बाळं बघितली, पण हिच्याकडे बघून मला काहीच कळेना. सुजलेली आणि चिडलेली, अगदी सगळ्यांसारखी. फक्त कान. कान बाहेर. सासूबाई आल्या, त्यांनी दुपटं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "बघा!" पुढे काही बोलायची त्यांना गरजच पडली नाही.

आईने बाळाला घेतलं, कपाळ बराच वेळ पाहिलं. "टोपडं घाला, वारं लागेल," एवढंच म्हणून मला परत दिलं. मला वाटलं, तिला हिच्यात तिचं काही नाही सापडलं.

घरी आलो. बाळाला तेल, आंघोळ, धुरी सगळं आईच करायची. मालिशवालीला तिने पाय ठेवू दिला नाही. ती स्वयंपाकघरात गेली, की मी बाळाचं टोपडं काढून तपासणी करायचे. भुवया? अजून नाहीतच. पायाची बोटं? दुसरी अंगठ्याएवढीच. झुपका? केस तेलाने चिकटलेले, काही समजत नव्हतं. आईची पावलं वाजली, की टोपडं परत डोक्यावर.

एकदा मी न्हाणीघरातून जरा लवकर बाहेर आले. आई पाय पसरून बसली होती, मांडीवर नुकतीच आंघोळ घातलेली माझी मुलगी. टोपडं काढलेलं. आईने केस जुन्या साडीच्या फडक्याने कोरडे केले होते, आणि एका बोटाने ती कपाळावरचे केस खालून वर ढकलत होती. ते वर जायचे आणि हळूच आडवे व्हायचे. आईने पुन्हा ढकलले. पुन्हा आडवे. मग तिने वाकून त्यांच्यावर फुंकर घातली.

"आई, काय करतेस?"

ती दचकली. शिलाईची उलटी, कच्ची बाजू कुणी पाहावी तशी ओशाळली.

"भोवरा बघत होते," ती म्हणाली. "नाही आला गं." आणि तिचा चेहरा पडला.

मी तिथेच ओल्या केसांनी खाली बसले. मला काही समजेना. "तुला कशाला हवा होता भोवरा? वैताग होता ना तुला त्याचा?"

आईने बाळाला मांडीवर वर सरकवलं. मग म्हणाली, "तू आलीस ती बसणारी आलीस. दोन दात घेऊन आलीस. तुझं बोळकं मी पाहिलंच नाही कधी. पालथी कशी पडलीस, हसलीस कधी पहिल्यांदा, कुणाला विचारणार? मला वाटलं, ही आली की तू दिसशील मला. तेव्हाची." तिने पदराने बाळाच्या कानामागचं पाणी टिपलं. "तुला बोलले नाही. म्हटलं, तुला वाटेल, आठ महिन्यांची आलीस ते माझ्या मनात राहिलंय."

मला रडू आलं. इतके महिने मी तिच्यापासून जे लपवत होते, तेच ती माझ्यापासून लपवत होती. मी तिला सगळं सांगितलं. शुगरचा किस्सा, आजीचं म्हणणं, आरसा, चोरून काढलेलं टोपडं. शुगरचं ऐकून ती इतकी हसली, की मांडीवरची मुलगी हलायला लागली.

मुलीने जांभई दिली. गुलाबी, रिकामं, मोठ्ठं बोळकं. आम्ही दोघी एकदम पुढे वाकलो. कॅमेरा कपाटात होता, मी उठले नाही.

"अशीच असशील बघ तू तेव्हा," आई म्हणाली.

"कान सोडून."

"कान सोडून," ती म्हणाली, आणि तिने बाळाच्या कपाळावर पुन्हा एकदा फुंकर घातली.