माझ्या वाट्याचं करडू

मी गाव सोडलं ते दुष्काळाच्या साली. आमचं गाव नगरकडचं. लग्न गावच्या छोट्या ख्रिस्ती देवळात लागलं, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला आणि वऱ्हाडाला वरण-भात वाढला. दावणीला बोकड होता. करडू असल्यापासून मीच त्याला बाभळीच्या शेंगा घालून वाढवलं होतं, आणि माझ्या लग्नात तोच कापतील असं मी धरून चालले होते. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीपर्यंत सोडायला आले. माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, मग खिडकीशी येऊन म्हणाले, "बोकड राहू दे म्हटलं अडीअडचणीला. तू समजूतदार आहेस." मी मान हलवली. मग रेल्वे, मग बडोदं. सगळ्या वाटेत आईपेक्षा मला त्या बोकडाची आठवण जास्त आली.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पेटीबरोबर उचलून परमुलखात आणलेल्यांनो, हे तुमच्यासाठी सांगतेय. मी बोलतेय, सून लिहितेय. तिला म्हटलंय, सुधारत बसू नकोस.

माझा नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता. कारेलीबागेत मागच्या बाजूची एक खोली भाड्यानं मिळाली. मालकीणबाई भल्या होत्या, पण पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बेन, मच्छी-मटण नहीं चाले हं." नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "समजून घे." घेतलं. मग नाताळ आला की मी पुरणपोळ्या करायची. शेजारणी म्हणायच्या, तमे तो अमारा जेवा ज छो. तुम्ही तर आमच्यासारख्याच. मला ते बरंही वाटायचं आणि आतून कुठंतरी टोचायचंही.

नवरा लवकर गेला. छातीचं दुखणं. मुलगा लहान. मी खाखरे लाटायला लागले. खाखरा तव्यावर कापडाच्या बोळ्यानं दाबून दाबून भाजावा लागतो, तो कडक होईपर्यंत हात आचेवरून हलवता येत नाही. माझी बोटं आजही गरम कपाला भीत नाहीत. रडले नाही असं नाही, पण रडायला वेगळा वेळ नव्हता. त्यातच मुलगा शिकला, प्लांटात लागला, बडोद्यातच वासण्याला फ्लॅट घेतला. तीही सोसायटी तसलीच, शाकाहारी.

आता एस्तरचं सांगते. एस्तर माझी धाकटी बहीण. दादांनी विहिरीजवळचा तुकडा विकून तिला नर्सिंग शिकायला मुंबईला पाठवलं. ती शिक्षण अर्ध्यात टाकून ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या एकाबरोबर निघून गेली. काही वर्षं पत्ता नाही. एकदा मी पोराला घेऊन माहेरी निघाले होते. स्टँडवरून चालत येताना आमच्या घराकडून पेटी-तबला ऐकू आला. वाटेत चुलतभाऊ भेटला. त्याला विचारलं, काय आहे रे आमच्यात? तो म्हणाला, "अक्का, तुला ठाऊक नाही? एस्तर परत आली. दादांनी बोकड कापलाय. अख्ख्या वाडीला जेवण."

दारातून पाहिलं. एस्तर वाळून काटकी झालेली. तिच्या अंगावर मी बडोद्याहून आईसाठी धाडलेली बांधणी होती. आईनं घडी मोडली ती तिच्यासाठी. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. पोराला म्हटलं, पोट दुखतंय माझं. मला बोलवायला कुणी आलं नाही. गर्दीत कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

येशूनं सांगितलेला उधळ्या मुलाचा दाखला तुमच्यापैकी कुणी ऐकला नसेल तर थोडक्यात सांगते. एका बापाला दोन मुलं. धाकटा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग घरी परततो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, चांगला झगा, अंगठी, पायात जोडे, आणि पोसलेलं वासरू कापतो. थोरला शेतातून येतो, आत गाणंबजावणं ऐकतो आणि बाहेरच थांबतो. म्हणतो, मला मित्रांबरोबर खायला एक करडूही कधी दिलं नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो.

बडोद्याच्या मराठी उपासनेत दरसाल हा दाखला होतो. पाळकसाहेब उलगडून सांगतात: बाप म्हणजे देव, झगा म्हणजे क्षमा, अंगठी म्हणजे परत मिळालेला हक्क, वासरू म्हणजे आनंद. धाकटा म्हणजे आपण सगळे. थोरल्याची पाळी आली की म्हणतात, हा मत्सरी, याच्यासारखं होऊ नका. माणसं माना हलवतात. मी नाही हलवत. तो शेतातून आला होता, पाय चिखलाचे असतील. त्याला पाण्याचा तांब्या तरी कुणी दिला का, ते दाखल्यात नाही. खरं सांगू, मला धाकट्याचा हेवा वाटतोच, पण थोरल्याचाही वाटतो. त्याचा बाप निदान बाहेर तरी आला.

दादा गेले, आई गेली. गावचं घर एस्तरनं सांभाळलं, तेही आता पडायला आलंय. यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. माझा मुलगा जाऊन तिला बडोद्याला घेऊन आला. एका डोळ्याची पट्टी निघाली आणि तो मला म्हणाला, "मम्मी, मावशीला आता तिकडं कोण आहे? इथंच राहू दे. तुझ्या खोलीत दुसरी खाट बसते." मी म्हटलं, बघू. खोली माझी. आयुष्यात पहिल्यांदा दार लावता येईल अशी जागा मला मिळालेली.

त्या रविवारी त्यानं विचारलं, "मावशी, काय खाणार?" एस्तरनं विचारही केला नाही. म्हणाली, "मटण."

आणि तो उठला की. छाणीला देवळातल्या ओळखीच्यांकडे शिजवून घेतलं आणि स्टीलच्या डब्यात, वर टॉवेल गुंडाळून घेऊन आला. सुनेनं खिडक्या लावल्या, पंखा फुल, उदबत्ती. मी म्हटलं, "इतकी वर्षं मी या घरात आहे, माझ्यासाठी कधी आणलंस?" तो गोंधळून बघायला लागला. "मम्मी, तू कधी मागितलंच नाहीस. मला वाटलं तू सोडलंस." घ्या. म्हणजे समजूतदारपणाचं फळ हे.

मी बाहेर ओट्यावर हिंचक्यावर जाऊन बसले. इथं झोपाळ्याला हिंचको म्हणतात. आत ताटांचा आवाज, हसणं, नात मावशीआजी मावशीआजी करतेय. समोरच्या मंजुबेन तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "मासी, शुं बनाव्युं? सुगंध तो सरस आवे छे." काय केलंय, वास छान येतोय.

"दाळ," मी म्हटलं.

"अमने पण शिखवाडजो," म्हणाल्या. आम्हालाही शिकवा. मी हो म्हटलं.

तेवढ्यात दार उघडून एस्तर आली. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी.

"अक्का, जेवायला चल."

"तू जेव. तुझ्यासाठी आणलंय."

"यात नळीचं हाड आहे. लहानपणी दर वेळी मलाच मिळायची. ही तुझी."

ती शेजारी टेकली आणि हळू म्हणाली, "त्या दिवशी तू मागच्या पायरीवर होतीस. मी पाहिलं होतं. यायला पाय उचलला नाही गं. मीच बोकड खायला बसलेली, मी कुठल्या तोंडानं तुला बोलवू?"

मंजुबेन अजून तुळशीपाशीच. एस्तर झाकण उचलायला लागली तसा मी तिचा हात दाबला. "इथं उघडू नकोस. सगळी सोसायटी गोळा करशील."

"मग आत चल," ती म्हणाली. "मी तर इथंच बसून खाणार."

खाल्लं असतं तिनं. लहानपणापासून तसलीच. उठले मी.

दाखल्यातला थोरला शेवटी आत गेला की नाही, ते सांगितलेलं नाही. पण त्याला बोलवायला बाप आला होता. धाकट्याला ताट सोडून बाहेर यायचं सुचलं नाही. माझी धाकटी आली, अर्ध्या डोळ्यानं भिंत चाचपत. पाळकसाहेबांना हे सांगायचंय, यात काय अर्थ बसतो ते त्यांनी बघावं. जळणं गेलं असं समजू नका. बांधणी आठवली की अजून जळते. पण आता घर म्हटलं की मला गाव दिसत नाही, दादांची दावणही दिसत नाही. खिडक्या लावलेली ती खोली दिसते, आणि मी नळी ताटावर आपटतेय तर सून दबक्या आवाजात म्हणतेय, "मम्मी, धीमे, धीमे."

संध्याकाळी मुलानं दुसरी खाट आणली. खिडकीखाली लावायला निघाला. मी म्हटलं, खिडकी माझी, तिची भिंतीकडं लाव. एस्तर उशी उचलून भिंतीकडं गेली.

समजूतदार झालीय आता.