जाळीचा चौथा स्क्रू

आमच्या पोहण्याच्या तलावाखाली एक खोली आहे, हे तलावावर रोज येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊकही नाही. चौदा पायऱ्या उतरलं की पंपघर. खिडकी नाही. दोन पंप, गाळणीच्या तीन टाक्या, क्लोरिनचे डबे, एक खुर्ची आणि भिंतीत ताटाएवढी जाड काच. काचेतून तलावाचा खोल भाग दिसतो. दिसतो म्हणजे काय, लोकांचे पाय दिसतात. पंपराव एकवीस वर्षं ते पाय बघत बसलेत. त्यांना नाव आहे, पण हजेरीच्या वहीबाहेर ते कुणी वापरलेलं मला आठवत नाही.

मी वर तिकीटखिडकीत बसते. माझी खोलीही काही राजवाडा नाही, हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. पण मला निदान माणसांची तोंडं दिसतात.

पंपांच्या घरघरीनं पंपरावांचा डावा कान गेला. घरी ते ओरडून बोलतात, त्यामुळे शेजाऱ्यांना रोज भांडण चाललंय असं वाटतं, अशी त्यांच्या बायकोची तक्रार. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सरळच सांगितलं, तिथून बाहेर पडा, नाहीतर उजवाही जाईल. पंपरावांनी तीनदा वर बदली मागितली. आमचा मॅनेजर गोड माणूस, तो कधी नाही म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतो. त्याचं ते ‘बघू’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. वर एकच जागा रिकामी होणार होती, ती जीवरक्षकाची. तिला प्रशिक्षण लागतं, आणि प्रशिक्षणाला आधी प्रवेशाची चाचणी. म्हणजे घोडं तिथेच अडलेलं.

चाचणीच्या अटी पंपरावांनी पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून काढल्या. वय अठरा ते पंचेचाळीस. डॉक्टरांचा दाखला, एका कानाने नीट ऐकू आलं तरी चालेल. दोनशे मीटर न थांबता, सहा मिनिटांच्या आत. दोन मिनिटं हात पाण्याबाहेर धरून, नुसत्या पायांवर तरंगत राहणं. आणि शेवटी खोल भागाच्या तळाशी ठेवलेलं पाच किलोचं रबरी वजन वर आणायचं, दोन्ही हातांनी छातीशी धरून काठापर्यंत यायचं. चाचणी वर्षातून एकदाच होते. यंदाच्या चाचणीनंतर दोनच महिन्यांनी पंपराव पंचेचाळीस ओलांडणार होते. म्हणजे ही एकच संधी, पुढची नाही.

तलाव उघडायच्या आधी पहाटे अर्धा तास पाणी रिकामं असतं. सात महिने त्या अर्ध्या तासात ते पोहले आणि मी काठावर बसून वेळ मोजली. माझ्याकडे कुठलं आलंय धावपटूंचं घड्याळ? खिडकीतलं भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून काढायचं आणि मांडीवर घेऊन बसायचं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली, त्यात तीनदा कठडा धरला, वर मलाच म्हणाले की तुमचं घड्याळ पुढे आहे. सातव्या महिन्यात पाच मिनिटं पन्नास सेकंदांवर आले.

खोड एकच होती. तळाशी गेले की वजनाला हात लावायच्या आधी शेजारच्या जाळीवरून तळवा फिरवायचे. त्या जाळीतून पंप पाणी ओढतो. जाळीला चार स्क्रू. एखादा ढिला झाला की जाळी उचलली जाते आणि कुणाचे केस, कुणाची बोटं आत ओढली जाऊ शकतात. मग वर येताना मुठीत केसांच्या पिना, चिकटपट्ट्या, एकदा तर चक्क कुणाचा तरी खोटा दात. मी हसायचे. वजन आणायला सांगितलंय, बाजार नाही, असं म्हणायचे. हसायला नको होतं, तेव्हाच खडसावायला हवं होतं. ते आजही मनातून जात नाही.

चाचणीच्या दिवशी मी खिडकीवर ‘थोड्या वेळात येते’ची पाटी लावली आणि काठावर जाऊन उभी राहिले. अकरा उमेदवार, सगळे पंपरावांच्या निम्म्या वयाचे. परीक्षक बाई शिडशिडीत, गळ्यात शिट्टी, कामापुरतं बोलणाऱ्या. दोनशे मीटर पंपरावांनी पाच मिनिटं सेहेचाळीस सेकंदांत संपवले. दोन मिनिटं तरंगले तेही खुर्चीत बसल्यासारखे. माझ्या डोळ्यांसमोर ते जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवर बसलेसुद्धा.

मग वजनासाठी बुडी मारली. मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत वर यायचे, ते बावीस झाले तरी येईनात. जीव टांगणीला लागला. आले तेव्हा वजन डाव्या काखेत आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली. दोन हात मारले तोच वजन काखेतून निसटलं आणि परत तळाशी गेलं. त्यांनी काठावर येऊन मूठ उघडली. तळहातावर स्क्रू होता.

“चौथा आहे,” ते म्हणाले. “हातातच आला.”

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, “एक विचारते, नीट विचार करून सांगा. तळाशी माणूस बुडालेला दिसला, तर पहिल्यांदा काय कराल?”

पंपराव निथळत उभे राहिले. खरंच विचार करत होते. उत्तर अख्ख्या तलावाला माहीत होतं, मी ओठांनी सांगतही होते, ‘उडी, उडी’. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“पंप बंद करीन,” ते म्हणाले.

उमेदवार हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वहीत जे लिहायचं ते लिहिलं. एकवीस वर्षांत त्या माणसाला कुणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं, हे मला तिथे ओरडून सांगावंसं वाटलं.

मॅनेजर मात्र खूश. त्याने पंपरावांच्या ओल्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “बघा, म्हणून मी यांना खालून हलवत नाही. यांच्याशिवाय खाली आहे कोण?” तीन वेळा मागितलेल्या बदलीचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं, तेही कौतुक म्हणून.

चाचणी थांबवावी लागली. पंपरावांनी खाली जाऊन पंप बंद केला, पेचकस घेऊन परत आले, बुडी मारली आणि स्क्रू पक्का बसवला. बाकीचे उमेदवार काठावर पाय हलवत वाट बघत होते. मग पंपराव पुन्हा पंप सुरू करायला चौदा पायऱ्या उतरले.

त्यांचा टॉवेल आणि कपडे वरच राहिले होते. ते घेऊन मी खाली गेले. पंप घरघरत होता. भिंतीवर खडूने लिहिलेल्या अटी तशाच होत्या, पुढे बरोबरच्या खुणा, फक्त शेवटच्या अटीपुढे काही नाही. पंपराव ओल्या चड्डीतच काचेला नाक लावून उभे होते. गाल फुगलेले. आधी मला वाटलं रडू आवरतायत. मग काचेतून दिसलं, पुढची उमेदवार, एक मुलगी, तळाशी आली होती. तिने दोन्ही हातांनी वजन उचललं, छातीशी धरलं आणि तळावर पाय मारला. तिचे पाय काचेच्या वर निघून गेले, तेव्हा कुठे पंपरावांनी श्वास सोडला.

“गेली वर,” ते म्हणाले.

मी टॉवेल खुर्चीवर ठेवला. त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन काहीतरी चांगलं बोलावं म्हणून पुढे झाले, पण तळाशी आणखी एक जण उतरत होता आणि त्यांनी परत श्वास रोखला होता. हातानेच मला थांबवलं. तो मुलगाही वर गेल्यावर म्हणाले, “ताई, जाताना दार ओढून घ्या. पंपाचा आवाज वर जातो, त्यांना शिट्टी ऐकू यायची नाही.”

मी वर आले आणि दार ओढून घेतलं.