बाबांचा गिटार-बेंजो

वाशीमच्या बसस्टँडवर बाबांनी पुण्याच्या बसमध्ये आधी बेंजो सीटवर ठेवला, मग मला बसवलं. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट कोन काढन?" बाबा म्हणाले, "पोरगी मांडीवर घेते ना. बारकं लेकरू हाय ते." बस हलली तरी खिडकीशी एकच सांगत होते, "ऊन दाखवत जाय त्याले."

बाबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. हा जुना बेंजो त्यांना म्हाताऱ्या बँडमास्तरांनी दिला. बेंजो म्हटलं की आपल्याकडे बटणांचा आठवतो. हा तसा नाही. अंग हलगीसारखं गोल, वर कातडं ताणलेलं, मान मात्र गिटारची, सहा तारांची. गिटारसारखी बोटं चालतात, पण सूर रेंगाळत नाही. टणकन उठतो, स्वच्छ बोलतो आणि बसतो. म्हणून संथ गाण्यात बाबा तार भराभर छेडून सूर धरून ठेवायचे. वरातीच्या गोंगाटातही तो माइकशिवाय ऐकू जायचा.

मी पुण्याला निघायच्या आधीच बाबांना लकवा झाला, डावा हात गेला. त्याच वर्षी मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले आणि हिंजवडीत नोकरी लागली. ठरलं असं की दर रविवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवून मी त्यांनी शिकवलेलं एक गाणं वाजवायचं. बाबांचं वाजवणं आता तेवढंच उरलं होतं.

तुमच्यापैकी जे गावाकडून इकडे पुण्यात आलेत त्यांना ठाऊक आहे, आपलं कोरडं ऊन इथे नाही. त्यात माझ्या बाल्कनीसमोर टॉवर. दमट हवेत कातडं ढिलं पडतं, तारा पेलणारी घोडी खाली बसते, तारा खरखरतात. एका शनिवारी, ऑफिसच्या डेडलाइनच्या घाईत, मी रूममेटचा हेअर ड्रायर लावला. कातडं फाटलं. बाबांची करंगळी टेकून पडलेला काळा डाग बरोबर मधोमध चिरला.

दोन रविवार मी ऑन-कॉल असल्याचं खोटं सांगितलं.

मंडईजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ड्रायर? केस धुतले होते का याचे?" मग म्हणाले, "प्लॅस्टिक लावून देतो. ऊन नको, कटकट नको."

"आवाज तसाच येईल?"

"येईल की. सगळ्यांचा येतो तसा."

मी दुकानाबाहेर येऊन बाबांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग बाबा म्हणाले, "तीनदा बदललं मी ते, माय. फाटलं ते चवथं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "दोन रविवार काऊन बुडवले, ते सांग."

फोन तसाच कानाला ठेवून मी आत जाऊन काकांना म्हटलं, कातडंच लावा.

आता शनिवारी मी बेंजो ऊन दाखवायला सोसायटीच्या गच्चीवर नेते. वॉचमन विचारतो, "आज पापड का, ताई?" मी हो म्हणते.

गेल्या रविवारी अर्ध्या गाण्यात बाबा म्हणाले, "थांब. ढग आले का तिकडे?"

मी खिडकीतून पाहिलं. टॉवरमागे आभाळ भरलं होतं. "आले, बाबा."

"सूर उतरला थोडा. वाजव, वाजव."

घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की पूर्वी मी पटकन वाशीम म्हणायचे. आता क्षणभर थांबते. पुण्यातलं आभाळ वाशीमच्या ओसरीवर बसून ओळखणारा माणूस आहे, तोवर मी दोन्हीकडे घरीच आहे.