डाव्या पायडलचे आटे

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं आयुष्य नवऱ्याच्या सायकलच्या दुकानात गेलं. तो गेल्यावर मी लेकीकडे मिनेसोटात सहा महिने राहिले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ती तेव्हा पीएचडी करत होती.

काम तिने मला एकदाच नीट सांगितलं. प्रोटीनचे स्फटिक करायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि मिळालेल्या आकड्यांवरून आतलं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं. पण कॉम्प्युटर आधी विचारतो, स्फटिक या जातीचा धरू की त्या? दोन्ही जाती म्हणजे एकमेकींचं आरशातलं रूप. आकडे दोन्हींना सारखेच जुळतात. निवडायचं माणसाने.

"मग तू कशी निवडलीस?"

"एक धरून चित्र काढलं. प्रोटीनमधली वेटोळी उजव्या फिरकीची असतात. चित्रात उजवीच आली, म्हणजे चॉइस करेक्ट."

सोमवारी तिच्या गाइडबाई होकार देणार होत्या. मग त्या चित्रावरून अख्खं मॉडेल बांधायचं, चार-पाच महिने. निवड चुकली तर ते महिने पाण्यात, आणि तिची स्कॉलरशिप उन्हाळ्यात संपत होती.

शनिवारी तिने ते चित्र घरी आणलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यांचा गठ्ठाच होता. त्यातल्या एका वेटोळ्यावरून तिने तांब्याची तार वळवली आणि टेबलावर ठेवली. मी शेजारी बसून शेंगा मोडत होते.

"हे डाव्या पायडलचं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"आटे उलटे आहेत. डाव्या पायडलचे असतात तसे. सरळ आट्याचं लावलं तर चालवता चालवता सुटतं."

"आई, प्लीज. हे सायकलचं दुकान नाहीये. मी चेक केलंय."

"मग माझ्यासमोर कर."

तिने अंगठा वर करून मूठ धरली. बोटं वळतात तशीच तार वर चढत होती. "बघ! उजवी."

"आणि उजव्या हातात काय आहे?"

पेन्सिल होती. मूठ डाव्या हाताची होती.

"तीन आठवडे मी असंच चेक करतेय," ती हळूच म्हणाली.

"एवढं शिकवलं, डावं-उजवं तेवढं राहिलं," मी म्हणाले. ती हसली नाही. कोट चढवून लॅबमध्ये गेली आणि कॉम्प्युटरला दुसरी जात दिली. रविवारी नवी तार वळवून आणली. ड्रॉवरमधला स्क्रू मी तिच्याशेजारी उभा धरला. दोन्हींचा तिरकेपणा एकाच बाजूचा.

लग्नानंतर मी एकदा डावं पायडल सरळ पिळून पायडलचे आणि ते बसतं त्या दांड्याचेही आटे घालवले होते. नवरा ओरडला नाही. वीस वेळा काढायला आणि लावायला लावलं. तेव्हा मला तो छळ वाटला. आता त्याचे उपकार मानते.

लेकीचेही मानते. चूक स्वतःच पकडली, असं ती बाईंना सांगू शकली असती. तिने खरं सांगितलं. सोमवारी बाईंचा फोन आला. आईला कसं कळलं, असं विचारत होत्या.

"काय सांगू?" लेकीने रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं.

"सांग, एक पायडल वाया घालवलं होतं."