रिकाम्या जागेतला पास

अजूनही दुपारी डोळा लागला की तो चेंडू येतो. सिमेंटचं मैदान उन्हानं पांढरंफटक पडलेलं, कडेच्या कडुनिंबाची सावली दोन पावलं आत आलेली, आणि कुणीच नसलेल्या जागेकडं चेंडू सावकाश निघालेला. मला तिथं पोचायचं असतं. पाय उचलतात, पण जमीन मागं सरकत नाही. मी पोचायच्या आत जाग येते. शाळेच्या मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या टेबलावर डोकं टेकवून, असा तो चेंडू मी कितीदा तरी सोडला आहे.

मी सास्तूरची. घरात सगळ्यांपेक्षा उंच, आणि त्याचा मला गर्व होता हे आधीच सांगून टाकते. धाराशिवला कॉलेजात आले त्या पहिल्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांनी मला जिन्यात अडवलं आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "उद्या सकाळी सहाला मैदानावर ये." सरांचा उंचीवर भारी जीव. उंची देव देतो, बाकीचं मी शिकवतो, असं ते म्हणायचे. बास्केटबॉल मी तोवर टीव्हीवरसुद्धा धड बघितला नव्हता. पण उडी मारली की हात रिंगच्या जवळ जायचा, आणि तेवढ्यावर मी संघात गेले. दुसऱ्या वर्षी कर्णधारही झाले.

जिच्या पासवर मी पुढं नाव कमावलं, ती मात्र संघात मुली कमी भरत होत्या म्हणून आली. येडशीची, मेंढपाळाच्या घरातली, एसटीनं रोज ये-जा करणारी. बुटकी, अंगानं भरलेली, तळपाय सपाट, चष्मा पडू नये म्हणून मागं रबर बांधलेलं. मैदानाला फेऱ्या मारताना कायम शेवटी. आम्ही तिला मालगाडी म्हणायचो. ती राग मानायची नाही. "मालगाडी उशिरा येती, पण माल घिऊन येती," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पहिल्यांदा तिनं मला पास दिला तो दिवस आठवतो. मी उजवीकडून रिंगकडं निघाले होते, मध्येच थबकले, आणि चेंडू माझ्या चार पावलं पुढून, कुणीही नसलेल्या जागेतून, टप्पे खात थेट कडुनिंबाच्या बुंध्याशी गेला. मी चिडले.

"कुणाकडं टाकलास गं बॉल?"

"तुज्याकडंच," ती म्हणाली. "तूच आली न्हाईस."

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण पुढच्या वेळी थबकले नाही. डोळे झाकल्यागत पळत गेले, आणि चेंडू तिथं होता. माझ्यासाठी आधीच येऊन बसल्यासारखा. मला फक्त उडी मारायची होती.

हे तिला कसं जमतं ते एका रविवारी कळलं. तिनं मला घरी नेलं होतं. जेवण झाल्यावर आम्ही रामलिंगच्या बाजूच्या माळावर गेलो. तिचे वडील, आबा, तिथं मेंढरं चारत होते. हिवाळ्याचं मऊ ऊन होतं, गवत सोनेरी झालं होतं, आणि कळप इतका हळू सरकत होता की माळच झोपेत कूस बदलतोय असं वाटावं. एवढ्यात पाच-सहा मेंढरं शेजारच्या ज्वारीकडं वळली. मी लांब टांगा टाकत त्यांच्यामागं धावले. मेंढरं अजून जोरात पळाली.

"पळू नगं पोरी," आबा म्हणाले. "मागं पळालं की मेंढरू फुडंच पळतंय." आणि ते काठी टेकत, भलत्याच दिशेनं, बांधाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं मेंढरं बरोबर त्याच टोकाला आली, त्यांना बघून थांबली आणि परत फिरली. आबांनी काठीसुद्धा उचलली नाही.

"मेंढरू वळायच्या आदी त्याचा कान वळतोय," ती मला म्हणाली. "माणसाचा खांदा वळतो. तुजा तर लई आदी वळतो. मला पाठमोरी दिसलीस तरी कळतंय कुठं निघालीस."

त्या माळावर आम्ही किती वेळ पडून होतो कोण जाणे. येडशी स्टेशनात एक गाडी आली आणि गेली. ती आभाळाकडं बघत सांगत होती की घरी सगळे हसतात, तुला कोण खेळवतंय म्हणून. आता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला परगावी जायचं म्हटल्यावर आबांनी त्या दिवसापुरती मेंढरं चुलत्याकडं सोपवायचं ठरवलं होतं. लेकीचा खेळ बघायला. "आबांनी कळप सोडला आसं आजवर म्या बघितलं न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज मला नीट आठवतो. इतक्या सुखात मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

त्या हंगामात मी वाटेल तशा बास्केट मारल्या. लोक माझ्या नावानं ओरडायचे. तिच्या नावानं कुणी ओरडलं नाही, कारण तिचं काम दिसायचंच नाही. समोरची मुलगी जिथं वळणार तिथं ती आधीच उभी असायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं समोरचीच येऊन धडकली. मला शिंगं फुटली होती. विद्यापीठाच्या संघात माझी निवड होणार हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं. निवडणारे त्याच स्पर्धेला येणार होते.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी आम्ही दुसऱ्या एका कॉलेजशी सरावाचा सामना जिंकला. त्यांचे म्हातारे प्रशिक्षक हात मिळवायला आले. मी पदर सावरावा तशी जर्सी सारखी करून पुढं झाले. ते माझ्या शेजारून गेले आणि चष्मा पुसत बसलेल्या तिच्याकडं बोट करून आमच्या सरांना म्हणाले, "हिला जपा. तुमचं डोकं ही आहे. बाकीचे हातपाय."

हातपाय! दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी मला यादी करायला बोलावलं. नऊजणी ठरल्या होत्या, एक जागा उरली होती. एकीकडं ती, दुसरीकडं पहिल्या वर्षाची सशासारखी पळणारी एक नवी मुलगी. सरांचं मन वेगाकडं झुकत होतं, पण त्या म्हाताऱ्यांचं बोलणंही त्यांच्या कानात होतं. "कर्णधार म्हणून तुला काय वाटतं?" सर म्हणाले. मला आबा आठवले, तो माळ आठवला, आणि तरीही मी म्हणाले, "सर, ती दमते."

एवढंच. खोटं नव्हतंच ते, ती खरंच दमायची. खोटं बोलले असते तर निदान नंतर माफी मागायला सोपं गेलं असतं.

दुपारी यादी फळ्यावर लागली. संध्याकाळी सरावाला मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून होस्टेलच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. खिडकीतून मैदानावरचा चेंडू ऐकू येत होता. मग बाकीच्यांचे आवाज थांबले आणि एकच चेंडू आपटत राहिला, सावकाश, बराच वेळ. कुणाचा ते मला माहीत होतं. मी उशी कानावर घेतली.

स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. मी पळाले, उड्या मारल्या, रिकाम्या जागा गाठल्या आणि तिथं हात वर करून उभी राहिले. चेंडू आला नाही. नव्या मुलीचा काही दोष नव्हता. ती विजेसारखी पळायची आणि मी जिथं होते तिथं चेंडू टाकायची, जिथं असणार तिथं नाही. प्रेक्षकांत मी आबांना शोधत होते, हे मध्येच माझ्या लक्षात आलं. निवडणाऱ्यांनी माझं नाव लिहून घेतलं नाही. परतीच्या जीपमध्ये सर म्हणाले, "चूक माझी झाली." मी तेव्हाही गप्प बसले.

तिनं अबोला धरला नाही. वर्गात शेजारी बसली, नोट्स दिल्या, डब्यातली शेंगाची चटणी पुढं सरकवली. मैदानावर मात्र पुन्हा आली नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कॉलेज संपलं.

गेल्या वर्षी येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्याला गेले होते. परतताना स्टँडवर माईकवरून आवाज ऐकला आणि पाय जागीच थांबले. ती एसटीत वाहतूक नियंत्रक झाली आहे. खिडकीआड खुर्चीत बसून, जागची न हलता, कुठली गाडी कुठं लागणार ते सांगत होती. चष्मा तोच वाटला, रबर गेलं होतं. मला बघून ती खुर्चीतून उठली, तेवढी घाईसुद्धा तिच्या अंगावर नवी होती. चहा मागवला. आबा बरे आहेत, कळप आता थोडाच उरलाय, असं सांगत राहिली. मला राहवलं नाही.

"तुझं नाव मी काढायला लावलं होतं," मी म्हणाले. "सरांना मीच सांगितलं."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं व्हतं मला. तुजा खांदा आदीच वळला व्हता."

ती कपातल्या चहाकडं बघत होती.

"त्या दिवशी सांजच्याला सगळ्या गेल्या तरी म्या मैदानावर थांबले," ती म्हणाली. "बॉल घिऊन. येडशीची शेवटची गाडी बी जाऊ दिली. म्हनलं, यील."

मग माझ्याकडं बघून, अगदी तेव्हासारखीच, म्हणाली, "तूच आली न्हाईस."

बाहेर एक गाडी वळत होती. तिनं मान न उचलता माईक ओढला आणि सांगितलं, सास्तूरकडं जाणाऱ्यांनी तिसऱ्या फलाटावर जावं. मी गेले तेव्हा फलाट रिकामा होता. गाडी यायला अजून थोडा अवकाश होता.