सोळा डिग्रीतली साके

वाइन साठवायच्या सेलरचं, म्हणजे तळघराचं, दार उघडलं. आमच्या साकेच्या बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या.

"बेस्ट स्पॉट इन द हाउस, मेट," वेन अभिमानाने म्हणाला.

वेन म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका वाइन वेअरहाउसचा मॅनेजर. तीस वर्षं वाइनमध्ये मुरलेला सज्जन माणूस. शेजारच्या रॅकवर लोकांनी मुलांच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी जपून ठेवलेली रेड वाइन होती. मंद दिवा, निवांत गारवा. भिंतीवरचा थर्मामीटर सोळा डिग्री दाखवत होता. आमचा माल पाच डिग्रीच्या खाली हवा होता.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. पुण्यात एका डेअरीत होते. इथे आल्यापासून एका छोट्या इम्पोर्ट कंपनीत क्वालिटी बघते. आम्ही जपानमधल्या, हाताने साके, म्हणजे तिकडची दारू, बनवणाऱ्या लहान ब्रुअऱ्यांचा माल ऑस्ट्रेलियात आणतो. आई पुण्यात सगळ्यांना सांगते, की ती तांदळाच्या कंपनीत आहे. अगदीच खोटं नाही, साके तांदळाचीच असते. मी स्वतः पीत नाही. कामापुरती तोंडात फिरवते आणि थुंकते.

बहुतेक साके बाटलीत भरताना तापवतात, म्हणजे दुधासारखी पाश्चराइज करतात. जी तापवत नाहीत तिला 'नामा' म्हणतात, म्हणजे कच्ची. तिची चव ताजी असते आणि नखरेही तसेच. ती सतत फ्रिजमध्ये लागते. उबेत राहिली तर हिओची नावाचे जंतू वाढतात. अल्कोहोलमध्ये बाकीचे जंतू मरतात, हे तिथेच संसार थाटतात. साके गढुळते, आंबते. पिणारा आजारी पडत नाही, पण बनवणाऱ्याची मेहनत पाण्यात जाते.

ही नामा साएको-सान यांची होती. वडिलांच्या मागे डोंगरातली छोटी ब्रुअरी चालवणाऱ्या, पन्नाशीच्या बाई. भाऊ हाताखाली. गावातली पिणारी पिढी म्हातारी झालेली, खप वर्षागणिक खाली. ऑस्ट्रेलियात जम बसला तर ब्रुअरी टिकेल, नाहीतर बंद करावी लागेल, हे त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला स्पष्ट सांगितलं होतं. त्या हंगामातली सर्वांत चांगली टाकी त्यांनी आमच्यासाठी बाजूला काढली. अर्धी पाठवली आणि उरलेली अर्धी पुढच्या शिपमेंटसाठी थंड ठेवली.

आमची नेहमीची कोल्ड रूम दुरुस्तीला गेली होती, म्हणून माल वेनकडे गेला. त्याच्याकडे बिअरसाठी कोल्ड रूम होती आणि मी पाच डिग्रीचा ईमेलही पाठवला होता. पण बाटल्या हाताने बनवलेल्या आहेत, एक बाई स्वतः तांदूळ धुते, हे ऐकून वेनला त्या बिअरच्या पिंपांशेजारी ठेवणं बरं वाटेना. त्याने त्या आपल्या लाडक्या सेलरमध्ये नेल्या आणि उभ्या ठेवायच्या बाटल्या चांगल्या वाइनसारख्या आडव्या निजवल्या. वाइनच्या माणसाने दिलेला तो मान होता. त्याच्यावर मला धड रागावताही येईना.

राग माझा मलाच आला. कार्टनमध्ये डेटा लॉगर असतो, दर थोड्या वेळाने तापमान टिपणारं छोटं यंत्र. जहाजाचा ग्राफ उत्तम आला म्हणून मी लॉगर माल पोचल्या दिवशीच बंद केला. त्यानंतर तीन आठवडे वेनला फोन करत होते. "सगळं ठीक?" "ब्युटिफुल!" की मी चेकलिस्टवर टिक करायचे. मी राहते त्या पॉइंट कुकहून गाडीने वीस मिनिटांवरची जागा, पण मी एकदाही गेले नाही.

तीन बाटल्या उघडल्या. पहिलीला विसरलेल्या ताकाचा वास होता. दुसरीलाही, तिसरीलाही.

आमचा बॉस समीर ठाण्याचा. वयाने माझ्याएवढाच, बोलण्यात माझ्या दसपट. त्याला तिथूनच फोन लावला.

"किती खराब?" त्याने विचारलं.

"गेली आहे ती, समीर."

"कुणी आजारी पडेल का?"

"नाही. पण ही साएको-सानची साके राहिली नाही."

"हे बघ, रविवारी लाँच लंच आहे. रेस्टॉरंटवाले येतायत, साएको-सानचं तिकीट झालंय. इथे लोकांना नॅचरल वाइन आवडते, ती तरी कुठे सरळ लागते? फंकी म्हणून जाईल. कोणाला कळतंय इथे?"

"तिला कळेल."

"तिला मी सांगतो ना. तू रिलीज फॉर्म सही कर."

रिलीज फॉर्मवर एकच प्रश्न असतो, माल पिण्यास सुरक्षित आहे का. होता. मी सही केली. समीर तिला सांगणार नाही, हेही मला सही करताना माहीत होतं. सांगायचं म्हणजे आधी माझा बंद केलेला लॉगर सांगावा लागला असता. मी गप्प बसले ती समीरच्या धाकाने नाही, स्वतःची चूक झाकली जातेय म्हणून.

रविवारी दुपारी शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये तीसेक माणसं जमली. शेफ, वाइन निवडणारे सोमेलिए, दोन फूड ब्लॉगर. साएको-सान राखाडी सूटमध्ये, हातात कागदावर लिहून आणलेलं इंग्लिश भाषण. पेले फिरले.

"वाइल्ड!" एक सोमेलिए म्हणाला. "सिरीयसली फंकी. आय लव्ह इट."

माझ्या शेजारचा शेफ दुसरा पेला मागत होता. समीरने लांबून मला अंगठा दाखवला.

साएको-सान यांनी पेला नाकाशी नेला आणि थांबल्या. बाटली उचलून लेबल वाचलं. पुन्हा वास घेतला, एक घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला. मला वाटलं, आता ह्या आमच्याकडे वळतील. मी मान खाली घालून तयारच होते.

त्या उठल्या, भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि कमरेत वाकल्या. कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या. "ही साके चांगली नाही. माझ्या ब्रुअरीत काहीतरी चुकलं आहे. कृपा करून पिऊ नका."

लोक गोंधळले. कोणीतरी "नो, नो, इट्स ब्युटिफुल!" म्हणालं आणि चक्क टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये त्यांचा चेहरा पांढरा पडत गेलेला मी पाहिला. फोन घेऊन त्या बाहेर पॅसेजमध्ये गेल्या.

मी मागे गेले. त्या भिंतीकडे तोंड करून जपानीत बोलत होत्या. आवाज शांत, पण तेच ते पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तेव्हाच खांद्यावर हात ठेवून सांगायला हवं होतं. तेवढ्यात समीर आला.

"आत्ता नको," तो कुजबुजला. "सीन होईल. उद्या शांतपणे सांगू."

मला ते बरंच वाटलं. मी परत जागेवर जाऊन बसले.

सोमवारी सकाळी मी एकटीच त्यांच्या हॉटेलवर गेले. जहाजाचा ग्राफ आणि सेलरचा फोटो घेऊन लॉबीत सगळं सांगितलं. सोळा डिग्री, तीन आठवडे, बंद लॉगर, माझी सही. काही लपवलं नाही. त्या ग्राफवर बोट फिरवत ऐकत होत्या.

"म्हणजे माझ्याकडून निघाली तेव्हा ती चांगली होती," त्या म्हणाल्या.

"उत्तम होती. उरलेली अर्धी टाकी आजही उत्तम असणार. या वेळी मी स्वतः..."

"टाकी काल रिकामी केली."

त्या पुढे सांगत राहिल्या, कामाचा रिपोर्ट द्यावा तशा. हिओचीचे जंतू एकदा ब्रुअरीत शिरले की भिंती, लाकडी भांडी, नळ्या सगळ्यांत बसतात आणि पुढचा हंगामही घेऊन जातात. थांबून चालत नाही. म्हणून पॅसेजमधून भावाला फोन केला होता. सगळी ओत, सगळं उकळत्या पाण्याने धू.

"भावाने चाखून पाहिली," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, ताई, ही चांगली आहे. मी त्याला म्हटलं, तुझी जीभ चुकतेय. ओत."

मग त्या उभ्या राहिल्या आणि खरं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. मी अजून त्या आभारांचं काय करायचं ते ठरवू शकलेले नाही.

कंपनीने मालाची भरपाई दिली. समीरने लांबलचक माफीचा ईमेल लिहिला, आणि तो त्याने मनापासून लिहिला होता हेही सांगायला हवं. वेनला कळलं तेव्हा तो सेलरच्या पायरीवर बसून राहिला. पुढच्या थंडीत, म्हणजे साके बनवायच्या पुढच्या हंगामात, साएको-सान यांनी तांदूळ भिजवला नाही. भाऊ गावातल्या सहकारी दुकानात कामाला लागला, असं त्यांच्या शेवटच्या ईमेलमध्ये होतं.

त्या लंचला आलेल्या एका रेस्टॉरंटचा फोन अजून अधूनमधून येतो. ती फंकी साके परत मिळेल का, कस्टमर विचारतात. आता मी प्रत्येक वेअरहाउसला स्वतः जाते आणि माल बिघडला तर त्याच दिवशी बनवणाऱ्याला फोन करते. नवीन मुलांना ट्रेनिंगमध्ये हेच शिकवते. ती विचारतात, दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं तर चालेल का. मी म्हणते, मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं.